सागरमाळावरचं विद्यापीठ

१८ नोव्हेंबर १९६२. चीनबरोबरचं युद्ध चालू होतं. गावात ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या सोप्यावर संध्याकाळी बातम्या ऐकायला माणसं जमायची. नेमक्या त्या दिवसांत, रविवारी, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. त्याच आठवड्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रीपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि युद्धबंदीही त्याच आठवड्यात झाली. एवढ्या गडबडीत एका विद्यापीठाची बातमी ती केवढी! पण आमच्या गुरुजींनी वर्गात ती मुद्दाम सांगितली. राधाकृष्णन स्वतः शिक्षक, आणि पहिला शिक्षक दिनही त्याच वर्षी साजरा झालेला, त्यामुळे गुरुजींना त्यांचं कौतुक फार. ‘आता मॅट्रिकच्या पुढची परीक्षा पुण्याच्या नावानं नाही, आपल्या कोल्हापूरच्या नावानं,’ असं ते म्हणाले. आम्हा पोरींना ‘विद्यापीठ’ हा शब्दच नवा. ‘हे कसलं पीठ?’ असं एकीनं विचारलं आणि सगळा वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. पीठ म्हणजे बसायची जागा, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं.

आज सत्तरी ओलांडल्यावर वाटतं, त्या मुलीचा प्रश्न काही वेडगळ नव्हता. विद्येची ही बसायची जागा आमच्यासारख्यांसाठी कशी तयार झाली, हे आमच्याच नातवंडांना माहीत नाही. पुण्या-मुंबईला आणि परदेशात गेलेली आमची भाचरं-पुतणी ‘मी शिवाजी युनिव्हर्सिटीची’ असं जरा हळूच सांगतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहून काढावं.

मंडळी, विद्यापीठ १९६२ साली झालं खरं, पण त्याची माती त्याच्या किती तरी आधी मळायला घेतली होती. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासूनचं. ते आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा इकडची कॉलेजं पुण्याकडे गेली. शाहू महाराजांनी त्याही आधी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हा क्रम लक्षात घ्यायला हवा. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळाल्याशिवाय कॉलेज काय आणि विद्यापीठ काय, सगळं फुकट, हे महाराजांना कळलं होतं. इतर ठिकाणी आधी इमारती झाल्या आणि मग मुलांची सोय बघितली. आमच्याकडे आधी बोर्डिंगं झाली.

यात आमच्या हातकणंगले तालुक्याचा वाटा मोठा आहे, हे अभिमानानं सांगते. (इकडची जुनी माणसं ‘हातकलंगले’ म्हणतात, तेही बरोबरच!) मार्च १९२० मध्ये माणगावला जी परिषद झाली, ती याच तालुक्यात. तिथे शाहू महाराजांनी तरुण डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवून, हाच तुमचा पुढारी, असं लोकांना सांगितलं. आणि कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहिले आणि शाहू महाराजांच्या सहवासात आले. पुढे १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची आणि राबून शिकायची. बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगत आले. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही याच भाऊरावांचं.

दुसरीकडे गारगोटीला डॉ. व्ही. टी. पाटील आणि जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं. जे. पी. नाईक आपल्याच जिल्ह्यातले. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणावर त्यांची छाप पडली. सांगलीत विलिंग्डन कॉलेज, सोलापुरात दयानंद कॉलेज. म्हणजे सगळीकडे रोपं लावलेली होती, एकत्र बांधणारा बांध तेवढा नव्हता. कोल्हापुरात विद्यापीठ हवं, ही कल्पना मांडणाऱ्यांत राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. ते मूळचे मुलतानकडचे, आर्य समाजी. पण कोल्हापुरात येऊन इथलेच झाले आणि शिवाजी महाराजांचं चार खंडांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. बाहेरून आलेल्या माणसानं आपल्या मातीची एवढी चाकरी करावी, हे विसरता कामा नये.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. यशवंतराव मुख्यमंत्री आणि पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री. दोघेही आमच्याच भागातले, त्यामुळे विद्यापीठाच्या मागणीला बळ आलं. बाळासाहेबांचं नाव आमच्या पिढीला आणखी एका कारणानं पाठ आहे, ते म्हणजे ई.बी.सी. ज्याचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत, त्याच्या मुलाला फी माफ. ‘तुझी ई.बी.सी. झाली का?’ हा त्या वेळी कॉलेजच्या पोरांचा पहिला प्रश्न असायचा. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला काढायला वडीलमाणसांच्या किती चपला झिजल्या असतील! पण त्या एका कागदानं शेतकऱ्यांची, विणकरांची, सुतार-लोहारांची पोरं कॉलेजात गेली. विद्यापीठ आणि ई.बी.सी. ही जोडी होती. नुसतं विद्यापीठ काढलं असतं आणि फी तशीच ठेवली असती, तर कोल्हापुरातल्या चार पेठांपुरतंच ते राहिलं असतं.

नावाचीही एक कथा आहे. नाव थोडक्यात ‘शिवाजी विद्यापीठ’ असं ठेवलं ते विचारपूर्वक, असं जाणती माणसं सांगत. लांबलचक नावाची चार अक्षरं होतात आणि मूळ नाव कुणाच्या तोंडी राहत नाही. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ ‘एम.एस.’ झालं, तसं इथे होऊ नये. आता अलीकडे नाव वाढवावं म्हणून मोर्चे निघतात, आणि आहे तेच राहू द्या म्हणणारेही तितकेच ठाम आहेत. मी दोन्हीकडच्या माणसांची आदरभावना समजू शकते. माझ्यापुरतं विचाराल तर, गेली साठ वर्षं खेड्यातली आई ‘पोरगी शिवाजी विद्यापीठात आहे’ असं म्हणते, तेव्हा महाराजांचं नाव पूर्ण तिच्या ओठावर येतं. मला ते पुरतं.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. इतिहासाचे प्राध्यापक, राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. १९६२ ते १९७५, सलग तेरा वर्षं त्यांनी विद्यापीठ सांभाळलं. सुरुवातीला ३४ कॉलेजं आणि सुमारे १४,००० विद्यार्थी. शहराबाहेरचा सागरमाळ म्हणजे मुरमाड, उघडा माळ. पावसाळ्यात वारा असा की छत्री उलटी व्हावी आणि उन्हाळ्यात बसायला सावली नाही. अशी ८५३ एकर जागा मिळाली. त्या माळावर रस्ते आखले, झाडं लावली, इमारती उठवल्या. आज तिथे मोर दिसतात, तळी आहेत, वनस्पतीशास्त्राची मोठी बाग आहे. नवीन माणसाला वाटतं, इथे पहिल्यापासून रान असणार. छे! ते रान माणसांनी केलेलं आहे.

आप्पासाहेब कुलगुरू असूनही इतिहासकारच राहिले. ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड त्यांनी संपादित केले आणि विद्यापीठानं ते छापले. औरंगजेबाच्या फौजेपुढे जिनं राज्य टिकवलं, त्या कोल्हापूरच्या राणीचे कागद कोल्हापूरच्या विद्यापीठानं छापावेत, यात मला विद्यापीठाचं खरं काम दिसतं. आपल्या भागाचं जे आहे ते शोधायचं, तपासायचं आणि जगापुढे ठेवायचं.

मुख्य इमारतीसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा तुम्ही फोटोत तरी पाहिला असेलच. तो पुण्याचे शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी घडवला. १ डिसेंबर १९७४ ला यशवंतरावांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, तेच ते वर्ष. २०२४ मध्ये पुतळ्यालाही पन्नास वर्षं पूर्ण झाली.

आता थोडं माझं सांगते. मी या विद्यापीठाची पदवीधर, पण तिथल्या एकाही वर्गात मी बसले नाही. हे कसं काय, तर मी बहिःस्थ विद्यार्थिनी. मॅट्रिकनंतर डी.एड. केलं आणि १९७० मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. घरची परिस्थिती अशी की आधी पगार, मग पदवी. लग्न झालं, मुलगी झाली. तेव्हा कुठे बी.ए.चा फॉर्म भरायचं ठरलं. फॉर्म घेऊन मी पहिल्यांदा विद्यापीठात गेले ते १९७६ साल. हातकणंगल्याहून पॅसेंजर गाडीनं निघाले. रुकडी सोडली की पंचगंगेचा पूल, मग वळिवडे, गूळ मार्केट आणि कोल्हापूर. तिथून के.एम.टी.ची बस. पुतळा तेव्हा नवाकोरा होता. खिडकीवर रांग होती, आणि त्या रांगेत बघितलं तर निम्मे माझ्यासारखेच! कुणी प्राथमिक शिक्षक, कुणी ग्रामसेवक, एक एस.टी.चे कंडक्टर आणि इचलकरंजीचा एक तरुण, जो रात्रपाळीला माग चालवत होता. आम्ही कुणी एकमेकांची नावंही विचारली नाहीत. पण ‘विषय कोणते घेतले?’ हे मात्र सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं.

अभ्यास कधी, तर रात्री. स्वयंपाक, वह्या तपासणं, मुलीचं झोपवणं, हे सगळं उरकल्यावर. वीज गेली की कंदील. आमच्या सासूबाई अंगठा उठवणाऱ्या. पण परीक्षेच्या दिवसांत त्या सकाळची भाकरी मला करू देत नसत. ‘तू तुझं पुस्तक वाच. भाकरी मला येत्याच की,’ असं म्हणत. हे वाक्य मी कुठल्याही कुलगुरूंच्या भाषणाच्या बरोबरीनं धरते.

आणि महत्त्वाचं म्हणजे सगळे पेपर मी मराठीत लिहिले. इतिहासही मराठीत, अर्थशास्त्रही मराठीत. आजच्या मुलांना यात काय विशेष वाटणार नाही. पण आमच्या आधीच्या पिढीत कॉलेज म्हणजे इंग्रजी. वर्गात पहिले सहा महिने काय चाललंय तेच कळायचं नाही, आणि बरीच हुशार पोरं तिथूनच गावाकडे परत यायची. ‘जमलं नाही’ असं सांगायची. त्यांना जमलं नव्हतं ते इंग्रजी, विषय नव्हे. मराठीतून उत्तर लिहायची मुभा ज्यांना मिळाली, त्यांच्यासाठी विद्यापीठाचं दार खरं तेव्हा उघडलं. मी १९७९ मध्ये बी.ए. झाले. शाळेत पगाराची परीक्षेची कामं चालू होती, त्यामुळे पदवीदानाला जाता आलं नाही. पदवी पोस्टानं आली. पोस्टमननं पाकीट दिलं आणि ‘बाई, पेढे कधी?’ म्हणून विचारलं.

त्याच सुमारास विद्यापीठाचे कुलगुरू होऊन गेले ते बॅ. पी. जी. पाटील. १९७५ मध्ये ते दुसरे कुलगुरू झाले. भाऊरावांच्या बोर्डिंगात वाढलेला पोर बॅरिस्टर झाला आणि विद्यापीठाचा कुलगुरू झाला! शाहू महाराजांच्या छायेत भाऊराव शिकले, भाऊरावांच्या बोर्डिंगात पी. जी. शिकले, आणि पी. जीं.च्या विद्यापीठातून आमच्यासारखे हजारो बाहेर पडले. इतिहासाच्या तासाला मुलं विचारायची, ‘बाई, इतिहास शिकून काय उपयोग?’ तेव्हा मी हीच साखळी फळ्यावर काढून दाखवायची.

‘कमवा आणि शिका’ ही भाऊरावांची कल्पना विद्यापीठानंही उचलली. आवारात आप्पासाहेब पवारांच्या नावाचं विद्यार्थी भवन आहे. तिथली मुलं रोज काही तास विद्यापीठातच काम करतात आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवतात. कार्यालयात फायली लावणारा मुलगा दुपारी एम.ए.च्या तासाला बसलेला दिसतो. माझी मुलगी नव्वदच्या दशकात आवारातल्या मुलींच्या वसतिगृहात राहून एम.ए. झाली. ती सांगते, ‘आई, तिथे गरीब कोण हे ओळखूच यायचं नाही. कारण काम करणं ही लाजेची गोष्टच नव्हती.’ तिच्यामुळे मला आवार नीट बघायला मिळालं. बॅ. बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं ग्रंथालय, वि. स. खांडेकरांच्या वस्तू जपलेलं संग्रहालय, भाषा भवन. भौतिकशास्त्राच्या विभागात पातळ थरांवरचं, त्यांच्या भाषेत ‘थिन फिल्म’चं, संशोधन चालतं आणि त्याचं नाव बाहेरच्या देशांतही आहे, हेही तिच्याकडूनच कळलं. परीक्षेच्या आधी झाडाखाली बसून वाचणारी मुलं-मुली पाहिली की मला सासूबाईंची भाकरी आठवायची.

तिच्या पदवीदानाला मी गेले. माझी पदवी पोस्टानं आली होती, तिची मी डोळ्यांनी पाहिली. झालं, फिटलं.

मध्यंतरी बरंच बदललं. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि तो जिल्हा वेगळा झाला. कोकणातली कॉलेजं तर त्याही आधी मुंबईकडे गेली. आता कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे. पण कॉलेजं मात्र चौतिसावरून पावणेतीनशेच्या घरात गेली. बेळगाव, निपाणीकडची सीमाभागातली मराठी मुलं इथे येतात, तीही आपलीच. बहिःस्थची जागा दूरशिक्षण केंद्रानं घेतली. २०२१ मध्ये ‘नॅक’नं विद्यापीठाला ए++ असा सर्वांत वरचा दर्जा दिला. हे वाचून मी घरात साखर वाटली. हसू नका, खरंच वाटली!

पण नुसतं कौतुक करून थांबले तर ते शिक्षिकेला शोभणार नाही. कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. त्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाला इतके पैसे या हिशेबानं, शिकलेली सवरलेली पोरं शिकवतात. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं पीएच.डी. केली. तो दोन कॉलेजांत तास घेतो आणि सुट्टीत भावाच्या उसाच्या शेतात राबतो. उन्हाळी सुट्टीचे पैसे मिळत नाहीत. ‘बाई, तुम्ही सांगितलेल्या साखळीत माझी कडी कुठे?’ असं त्यानं मला विचारलं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण ते कुणाला तरी द्यावंच लागेल. शाहू महाराजांनी मुलांच्या राहण्या-जेवणाची आधी सोय केली, कारण उपाशी मूल शिकत नाही. उपाशी शिक्षकही फार दिवस शिकवत नाही.

दुसरी गोष्ट. ज्यांना परवडतं ती मुलं दहावी-बारावीनंतर पुण्याला जातात. जाऊ देत, त्यांचा तो हक्क आहे. पण जी इथे राहतात, त्यांत मुली जास्त, आणि बऱ्याच घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकारनं माफ केली आहे. बाराशेच्या ई.बी.सी.चीच ही नात म्हणायची. चांगलं झालं. पण साध्या बी.ए.ला, इतिहासाला, मराठीला जाणाऱ्या मुलीला ‘त्यात काय मिळणार?’ असं घरातूनच ऐकावं लागतं. तिला मी एवढंच सांगेन की नोकरीचा विचार जरूर कर, संगणक शीक, इंग्रजी शीक. पण आपल्या गावाचा कागद वाचता येणारी, ग्रामसभेत उभं राहून हिशेब विचारणारी माणसंही कुठल्या तरी वर्गात तयार व्हावी लागतात. ती बऱ्याचदा याच वर्गात होतात. माणगावची परिषद आणि कुंभोजचे भाऊराव ज्यांना माहीत आहेत, त्यांना कुणी सहजासहजी बनवू शकत नाही.

विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानमेवामृतम्’. ज्ञान हेच अमृत. अमृताची गोष्ट आपल्याला माहीतच आहे, त्याच्या वाटपावरूनच मोठं भांडण झालं होतं. ते एका पंगतीला मिळालं आणि दुसरीला नाही. सागरमाळावरच्या या जागेचं मोठेपण एवढंच की जी पंगत नेहमी बाहेर बसायची, तिला इथे पान वाढलं. ते वाढणं चालू राहिलं पाहिजे, एवढीच इच्छा.

असो. लिहिता लिहिता लांबलं. आमच्या घरातल्या आणि ओळखीतल्या ज्या कुणी शिवाजी विद्यापीठात शिक्षण घेतलं, वर्गात बसून किंवा माझ्यासारखं बाहेर राहून, त्यांनी आपापली आठवण जरूर लिहून कळवावी. विशेषतः फॉर्मच्या रांगेतली. आणि भाचरांनो, पुढच्या वेळी कुणी ‘कुठली युनिव्हर्सिटी?’ म्हणून विचारलं, तर जरा मोठ्यानं सांगा.